‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना महिन्याला मिळणाऱ्या पंधराशे रुपयांवरून २०२५ मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

कुलकर्णी काका (ए-४०२): वरची क्लिप सगळ्यांनी बघा. लाडकी बहीणचे पैसे साठवून बाईने मोबाईल घेतला. टॅक्स आपण भरायचा आणि उधळायचा यांनी. या फुकट्यांपायी राज्याचं दिवाळं निघणार.

निखिल (सी-६०४): अगदी बरोबर काका. एल अँड टी कंपनीचे प्रमुख सुब्रह्मण्यन फेब्रुवारीत हेच बोलले, योजनांमुळे मजूर कामाला यायला तयार नाहीत. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टात न्या. गवईंनी लाडकी बहीणचं नाव घेऊन तेच म्हटलं. एवढी मोठी माणसं उगाच बोलतील का?

वैशाली (बी-१०३): निखिल, बोलणारा मोठा असला तरी हिशेब तोच राहतो. रोजगार हमीची मजुरी यंदा दिवसाला ३१२ रुपये आहे. १५०० रुपये म्हणजे तिथली पाच दिवसांचीही मजुरी नाही. तेवढ्यावर महिनाभर कोण घरी बसेल? आपल्या सोसायटीत येणाऱ्या एकीने तरी काम सोडलंय का? माझ्याकडच्या ताई पहिला हप्ता आला त्या दिवशीसुद्धा साडेसातला दारात होत्या.

आणि काका, मोबाईल घेतला तर काय झालं? त्यावर मुलगी अभ्यास करते, कामाचे फोनही त्यावरच येतात.

कुलकर्णी काका: आणि ते चौदा हजार पुरुष? बहिणींच्या नावावर पैसे खाल्ले. पेपरात आलंय, मी मनाचं सांगत नाही.

वैशाली: आलंय, आणि ते चूकच आहे. वसूल करा, गुन्हे दाखल करा. पण १४,२९८ पुरुष आणि जूनचा हप्ता मिळालेल्या बायका सुमारे सव्वादोन कोटी. हजारात एकसुद्धा भरत नाही. टीव्हीवर मात्र आठवडाभर तेच. अपात्र असल्याच्या संशयावरून ज्या २६ लाख ३४ हजार जणींचे पैसे थांबवले, त्यांचंही तसंच झालं. मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं होतं की त्यांचा लाभ तात्पुरता थांबवलाय, जिल्हाधिकारी पडताळणी करतील. बातम्यांमध्ये सगळ्या सरसकट ‘बोगस’ झाल्या. २०२४ च्या जुलैपासून अर्ज घाईघाईने भरून घेतले, नोव्हेंबरात मतदान उरकलं आणि मग खरी छाननी सुरू झाली. ही घाई त्या बायकांनी केली नव्हती ना?

निखिल: पण पैसा कुठून आणणार? यंदाची तरतूद ३६,००० कोटींची आहे. सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवला म्हणून त्या विभागाचे मंत्री संजय शिरसाट स्वतः जाहीरपणे चिडले होते.

वैशाली: हा प्रश्न मला शंभर टक्के मान्य आहे. दलित वस्त्यांचा, वसतिगृहांचा निधी कापून हप्ता द्यायचा असेल तर त्याविरुद्ध मी तुझ्यासोबत बोलेन. पण तो सरकारला विचार, अर्थमंत्र्यांना विचार. भांडी घासणाऱ्या बाईला फुकटी म्हणून त्याचं उत्तर मिळणार आहे का?

मला खरा राग येतो तो पुढाऱ्यांच्या बोलण्याचा. २०२२ च्या जुलैत पंतप्रधान बुंदेलखंडात रेवडी संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, टीका करतात. दोन वर्षांनी त्यांच्याच युतीच्या जाहीरनाम्यात २१०० रुपये, समोरच्या आघाडीच्या जाहीरनाम्यात ३०००. भर प्रचारात भाजपचे खासदार धनंजय महाडिक सांगतात, पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेला जाणाऱ्या बायकांचे फोटो काढा. नंतर माफी मागितली, ते सोडा. पण या जूनमध्ये परतूरचे आमदार लोणीकर लोकांना ऐकवतात की तुमच्या अंगावरचे कपडे, पायातल्या चपला, हातातला मोबाईल आमच्या सरकारमुळे. यांच्या खिशातून जातात का हे पैसे? ती बाई साबण, तेल, बिस्किटाचा पुडा घेते त्या प्रत्येकावर जीएसटी भरते.

यंदाच्या बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत उत्पन्नावर आयकर माफ झाला. केंद्राने सुमारे एक लाख कोटींवर पाणी सोडलं. या ग्रुपमधल्या निम्म्या घरांना त्याचा फायदा झाला, माझ्याही. आपल्या दारात कोणी माईक घेऊन आलं का, वाचलेल्या पैशाचं काय केलंत विचारायला? त्या बायकांना मात्र भर रस्त्यात विचारतात, आणि साडी घेतली म्हणाली की तेवढाच तुकडा फिरवतात. काका, पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत झाली, तुम्ही दरवर्षी कोल्हापूरला जाता. तुमचा तो हक्कच आहे, आणि कोणी तुम्हाला फुकटे म्हटलं तर मी पहिली भांडेन.

सावंत आजी (बी-२०१): नातवाकडून लिहून घेतेय. बाहत्तरच्या दुष्काळात माझी आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी धाकट्या भावाला घेऊन बांधावर बसायची. तिथे सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची, ती आम्ही तिघं खायचो. तेव्हासुद्धा गावातले खाऊनपिऊन सुखी लोक म्हणायचे, सरकारने बायकांना लाडावून ठेवलंय. आईच्या हाताला घट्टे पडले होते. ती कोणाला काही बोलली नाही, पण तिला ते लागलं होतं.

वैशाली: आजी 🙏 त्याच रोजगार हमीच्या कामांसाठी १९७५ ला व्यवसाय कर आला. आपल्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये कापतात ना, तोच. शहराने पैसे दिले, गावाने रस्ते आणि पाझर तलाव बांधले.

कुलकर्णी काका: सावंत वहिनी, तुमच्या आईंबद्दल माझ्या मनात तसं काही नव्हतं. क्लिप काढून टाकतो. पण खर्चाचं माझं मत कायम आहे.

वैशाली: असू दे काका, त्यावर भेटून बोलू.

आता एक काम आहे. सरकारने लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची केली आहे. स्वतःचं आधार लागतं, शिवाय नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि दोन्हींवर ओटीपी येतो. आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींचा नवरा वारलाय, वडीलही नाहीत, साइट पुढे जाऊच देत नाही. बाहेर सायबर कॅफेवाले पैसे मागतात. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप लावून बसूया का?

सेक्रेटरी: ऑफिस दहा ते एक उघडं ठेवतो. वायफाय वापरा.

निखिल: मी येतो. मावशींच्या केससाठी महिला व बालविकासच्या तालुका कार्यालयात विचारून ठेवतो.

कुलकर्णी काका: आमच्याकडच्या स्वयंपाकाच्या बाईंनाही पाठवतो. आधारला जोडलेला फोन सोबत आणायला सांगू ना?

वैशाली: हो काका, आणि नवऱ्यालाही सांगा, त्या वेळात फोन उचल म्हणून. ओटीपी लगेच सांगावा लागतो.