प्रतिसाद: बुरुजाची भिंत, रेव्हिटमध्ये

साताऱ्याजवळच्या वाड्याचा बुरूज खाली रुंद, वर निमुळता, गोलाईही वेडीवाकडी. त्याची भिंत रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतींचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कशी काढायची हा मूळ प्रश्न. त्यावर वरच्या प्रतिसादात एका दादांनी कंसांचे तुकडे जोडून साधी भिंत काढा म्हटलंय. प्लॅनपुरतं ठीक, सेक्शन (उभा छेद) घेतला की ढाळ गायब!

मास (इमारतीचा नुसता ढोबळ घनाकार) करून त्याच्या पृष्ठभागावर भिंत चढवणारं 'वॉल बाय फेस' वापरता येईल, पण त्यात जाडी सगळीकडे एकच राहते. शिवाय मास बदलला तर भिंत आपोआप हलत नाही, 'अपडेट टू फेस' द्यावं लागतं. नव्या बांधकामाला ते चालेल. अजिंक्यताऱ्याच्या बुरुजासारखी दगडी कामं मात्र आतून वेगळी, बाहेरून वेगळी असतात. तिथे मी सरळ 'मॉडेल इन-प्लेस' (जागेवरच हवा तो आकार घडवायची सोय) घेईन: तळाचा आणि माथ्याचा आकार मोजमापावरून काढायचा, मग ब्लेंड, म्हणजे ते दोन आकार जोडून एक घन करायचा. कॅटेगरी 'वॉल्स'च निवडा हं, 'जेनेरिक मॉडेल' ही सर्वसाधारण कॅटेगरी घेतलीत तर दारं-खिडक्या बसवताना अडाल.

तोटा एवढाच की दगड, चुना, गिलावा असे थर वेगळे मिळत नाहीत. घनफळ हवं असेल तर मटेरियल टेकऑफमधून (साहित्याच्या मापांचा तक्ता) काढा. सरळ तट असेल तर एवढी झटापट नको, 2022 च्या आवृत्तीपासून टेपर्ड वॉल (निमुळती भिंत) आहेच.