शेरीफवर अंकुश कोणाचा?
अमेरिकेत शेरीफ, म्हणजे काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) पोलीस प्रमुख, निवडून येतो, त्यामुळे मतदारांचा अंकुश पुरेसा आहे, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीत शेरीफच्या खात्याचे अंदाजपत्रक पाच सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ मंजूर करते, पण दैनंदिन कारभार शेरीफच्याच हाती राहतो. म्हणूनच तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये, सबळ कारण असल्यास, चार-पंचमांश मतांनी शेरीफला पदच्युत करण्याचा अधिकार मंडळाला दिला. शेरीफच्या खात्यांकडील साधनसामग्रीचा प्रश्न मला अधिक बिकट वाटतो. संघीय (केंद्र) सरकारच्या '१०३३' योजनेतून स्थानिक पोलिसांना लष्कराची जुनी चिलखती वाहने जवळजवळ फुकट मिळतात, मात्र देखभालीचा व प्रशिक्षणाचा भार स्थानिक तिजोरीवर पडतो. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने अशा सामग्रीसाठी स्थानिक लोकनियुक्त मंडळाची, नागरिकांना खुल्या बैठकीत दिलेली मंजुरी बंधनकारक केली. ही अट सर्वच राज्यांत हवी.