सदस्य, सभासद की मेंबर? आणि त्यातले खरे किती, हे कुठल्या शब्दात सांगायचं?

छापखानेवाला, बाळीवेस

नमस्कार मंडळी, एक अडचण आलीय. माझा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळांची वर्गणीची पुस्तकं असलं काम. परवा एका पक्षाचं नोंदणीच्या पावतीपुस्तकांचं काम आलं (कुठला पक्ष ते विचारू नका, गिऱ्हाईक आहे). मजकुरात वरती ठळक 'सभासद नोंदणी अभियान', खाली बारीक अक्षरात 'प्राथमिक सदस्यता शुल्क', आणि मजकूर घेऊन आलेलं पोरगं तोंडानं म्हणतंय "मालक, मेंबरची पुस्तकं कधी मिळतील?" एका पावतीवर तीन शब्द. प्रूफ द्यायच्या आधी विचारतो, बरोबर काय? फरक आहे का नुसतं सवयीचं?

रिटायर मास्तर

दोन्ही संस्कृत आणि दोन्हीत बसणं आहे. 'सदस्' म्हणजे बसायची जागा, सभा. यज्ञातसुद्धा सदस् नावाचा मंडप असायचा. त्यात बसणारा तो सदस्य. सभेत बसणारा तो सभासद. अर्थामध्ये फरक शून्य, वापरात मात्र आहे बरं का. सहकारात सभासदच म्हणतात, बँकेचा सभासद, साखर कारखान्याचा सभासद, कारण तिथं शेअरचा दाखला असतो. निवडून आलेल्याला सदस्य, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, विधानसभा सदस्य. आणि मेंबर म्हणलं की आपल्याकडं नगरसेवक किंवा ग्रामपंचायतीतला तो माणूस, पावती फाडलेल्याला कोण मेंबर म्हणत नाही, ते पोरगं म्हणलं ते कौतुकानं असेल. पावतीवर माझं मत सभासद.

पुण्यातली सोलापूरकर

मास्तर, पण मग बसणं कुठंय? मिस्ड कॉल दिला की झाला सदस्य. भाजपनं २०१४ च्या शेवटी मिस्ड कॉलची नोंदणी काढली आणि २०१५ मध्ये दहा कोटींच्या वर सदस्य झाल्याचं सांगितलं. २०१४ च्या लोकसभेला त्यांना मतं मिळाली होती १७ कोटींच्या वर. म्हणजे मत देणाऱ्या दर सतरा जणांमागं दहा सदस्य? काँग्रेसमध्ये पूर्वी चार आण्याचा मेंबर म्हणायचे, तिथं निदान खिशातून चार आणे तरी जायचे. गांधीजी १९३४ ला काँग्रेसमधून बाहेर पडले तेव्हापासून ते चार आण्याचे मेंबरही नव्हते, आणि काँग्रेस तर त्यांच्याच शब्दावर चालायची. पावतीवरचा सदस्य आणि पक्षातला माणूस हे दोन वेगळे झाले की आपल्याला दोन शब्द लागतात असं मला वाटतं.

छापखानेवाला, बाळीवेस

ताई, खिशातून जायचे म्हणताय, माझा अनुभव ऐका. मागच्या वेळच्या नोंदणीला आम्ही पुस्तकं छापली, ५० पावत्यांचं एक पुस्तक, डाव्या बाजूला स्थळप्रत, मधे छिद्रांची रेघ. तेव्हा माझ्या नंबरिंग मशीनचं चाक अडकलं आणि एका पुस्तकाचे नंबर दुसऱ्या पुस्तकावर तसेच्या तसे पडले, ५० च्या ५० डबल. लक्षात आलं तेव्हा माल गेलेला. मी फोन केला की पुस्तक परत द्या, फुकट बदलून देतो, तर पलीकडून "राहू द्या मालक, कोण बघतंय." असलीच चूक एकदा गणपती मंडळाच्या पुस्तकात झाली होती, तर खजिनदार दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुकानासमोर. वर्गणी मोजली जाते म्हणून नंबर बघतात हो.

पुढं ती भरलेली पुस्तकं बाइंडिंगला माझ्याकडंच आली. उघडून बघितलं तर स्थळप्रतीवर एकच हस्ताक्षर, एकच निळं पेन, आणि नावं घरानुसार ओळीनं, आजोबा आजी मुलगा सून. मतदार यादी समोर ठेवून उतरवलेली, दुसरं काय. त्यात आमच्या गल्लीतल्या एक विडी वळणाऱ्या मावशी होत्या, त्यांना विचारलं तर म्हणल्या "कुठल्या पक्षात रे मी?"

रिटायर मास्तर

मग शब्द शाळेतच आहे की! पट आणि हजेरी. पटावर साठ पोरं, वर्गात चाळीस. २०११ च्या ऑक्टोबरात सगळ्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजली, तेव्हा पटावरची कितीतरी पोरं नुसती कागदावर निघाली. पक्षानं जाहीर केलेला आकडा तो पट. प्रश्न हा की पक्षाची हजेरी कोण घेणार?

पुण्यातली सोलापूरकर

हजेरी पक्षांतर्गत निवडणुकीतच लागते, पण लढत झाली तरच. विलायतेतला हुजूर पक्ष (आपले पेपर त्याला हुजूर म्हणतात आणि दुसऱ्याला मजूर, कुणी केलं काय की पण झकास केलंय) एरवी सभासदांचा आकडा सांगत नाही. नेता निवडायची वेळ आली की मतपत्रिका पाठवाव्या लागतात, तेव्हा पट उघडा पडतो. २०१९ ला १,५९,३२०, २०२२ ला १,७२,४३७, २०२४ ला १,३१,६८०. दोन वर्षात चाळीस हजार गेले, आणि हे कळलं ते फक्त निवडणूक लागली म्हणून. २०२२ ला लिझ ट्रस यांना ८१,३२६ आणि ऋषी सुनक यांना ६०,३९९, म्हणजे शंभरातल्या ब्याऐंशी जणांनी मत टाकलं. २०२४ ला तेच त्र्याहत्तरच्या आसपास.

मजूर पक्षाचं तर शब्दचर्चेलाच घ्यावं असं आहे. २०२० ला मतपत्रिका गेल्या ७,८४,१५१ जणांना, पण त्यातले पूर्ण सभासद ५,५२,८३५, बाकीचे कामगार संघटनांमार्फत जोडलेले किंवा थोडे पैसे भरून समर्थक म्हणून नाव घातलेले. सभासदांपैकी ४,०१,५६४ जणांनी मत दिलं, त्या बाकीच्या २,३१,३१६ मधून फक्त ८९,१६७. नाव एकाच यादीत, पण जीव कुणात किती ते दिसतंय ना.

साखरपेठेतला पोरगा

काय पण सांगताय ताई, मत नाही टाकलं म्हणजे खोटा का? माझ्या आजोबांनी पक्षासाठी उभं आयुष्य घातलं, आता जिना उतरवत नाही त्यांना.

पुण्यातली सोलापूरकर

खरंय रे, म्हणून मतांचा आकडा म्हणजे कमीत कमी इतके तरी जिते, आणि पट म्हणजे जास्तीत जास्त. खरा आकडा मधे कुठंतरी. पण आपल्याकडं ते मधलंही काढता येत नाही. काँग्रेसची २०२२ ची अध्यक्षपदाची निवडणूक घे, खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, बाद ४१६, बेरीज ९,३८५. हे सदस्य नव्हेत, प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी, त्यावरून सामान्य सदस्य किती ते कसं काढणार? भाजपचा राष्ट्रीय अध्यक्ष तर दर वेळी बिनविरोध. बिनविरोध झालं की हजेरीच नाही, वर्गाला सुट्टी!

आणि नोंदणी निवडणुकीच्या तोंडावर केली की आकडा परत फसवा, मग जो उभा राहणार तोच गाडीत भरून सदस्य आणतो आणि फीसुद्धा तोच भरतो, ते त्याचं वजन मोजणं झालं, पक्षाचं नाही.

रिटायर मास्तर

आपल्या गावात लाल बावट्याची जुनी माणसं आहेत त्यांना विचारा. माकपमध्ये आधी उमेदवार सभासद व्हावं लागतं, साधारण वर्षभर, त्या काळात बैठकीला बसायचं, काम करायचं, पण मत नाही. मराठीत उमेदवारी करणं म्हणजे हाताखाली राहून काम शिकणं, पूर्वी यंत्रमागावर पोरगं उमेदवारी करायचं तसलंच. शिवाय दर वर्षी नूतनीकरण. त्यामुळं त्यांचा पट लहान, पण हजेरीच्या जवळ. सहकार कायद्यातही २०१३ ला 'क्रियाशील सभासद' आणला होता, पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला बसलेला पाहिजे अशी अट होती. बघा, बसणं परत आलं. पक्षवाले 'सक्रिय' म्हणतात किंवा 'क्रियाशील', पण तो पुढं किती नावं आणली त्यावर ठरतो. नावं आणणाऱ्याला मी तरी क्रियाशील नाही म्हणणार, त्याला सरळ नोंदणीवाला म्हणा.

साखरपेठेतला पोरगा

मग पावतीवर 'पटावरील सभासद' छापा काका, भारी दिसेल 😄

छापखानेवाला, बाळीवेस

नको रे बाबा, गिऱ्हाईक तुटेल. मास्तरांचं ऐकून वर-खाली दोन्हीकडं 'सभासद' करून प्रूफ पाठवलं होतं. आज उत्तर आलं, शब्दाबद्दल काहीच नाही, पण स्थळप्रत काढून टाका म्हणालेत, नोंद आता ॲपवर होणार म्हणे. म्हणजे नुसती उजवी बाजू छापायची, छिद्रांची रेघ नाही, नंबरिंग नाही. माझं बिल निम्म्यावर आलं.