९७२ वर मारलेली लाल रेघ

मानेवाड्याची:
काल बजाजनगरच्या भाऊंनी इथे लिहिलं की बीएस्सी फर्स्ट इयरचं फिजिक्स प्रॅक्टिकल सरळ बंद करा. दोन क्रेडिटसाठी आठवड्याचे चार तास जातात, पोरं रीडिंग बनवूनच लिहितात, लंबक हलवून कुणाचं काय भलं झालंय, त्यापेक्षा सिम्युलेशन द्या. खाली अंगठ्यांची रांग. उत्तर देणार नव्हते, पण कुकर लावताना, भाजी चिरताना तेच डोक्यात.

मी २००३ ची बीएस्सी पार्ट वन. लंबकाचा प्रयोग केला, लांबी आणि आंदोलनांच्या वेळेवरून जी (गुरुत्वीय त्वरण, सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गात) काढला, तो आला ९७२; पुस्तकातला ९८१. दोनदा केला, ९७२ च. सरांनी जर्नलवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "९८१ आण." बस्स. कुठे चुकलं, काय चुकलं, काही नाही. शेजारणीने शिकवलं: आधी जी ९८१ धरायचा, उलटं गणित करून वीस आंदोलनांचा वेळ काढायचा, मग शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे करायचा म्हणजे खरं वाटतं. ती कला मला आजही येते.

आता गंमत ऐका. नागपूर २१ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंच. इथला जी साधारण ९७८.६ बसतो. ९८१ लंडनच्या आसपास भरतो. म्हणजे आमच्याकडून नागपुरात बसून लंडनचं उत्तर मागत होते! प्रॅक्टिकल बंद कशाला करता, उत्तर आधी सांगणं बंद करा.

बजाजनगरचा:
ताई, भावना पोचल्या. आता गणित करू या. एक मीटर लांबी, वीस आंदोलनं. जी ९८१ असेल तर ४०.१२ सेकंद, ९७८.६ असेल तर ४०.१७. फरक ०.०५ सेकंदाचा. स्टॉपवॉचवरच्या अंगठ्यालाच ०.२ सेकंद लागतात. म्हणजे तुमच्या त्या लॅबला लंडन आणि नागपूर यातला फरक कळूच शकत नाही. हेच तर मी म्हणतोय! मोबाइलमध्ये फायफॉक्स हे अ‍ॅप टाका, फोनच्या सेन्सरने आंदोलनं मोजतं, फुकट आहे, फोनच टांगा दोरीला. भंगारात जायच्या लायकीच्या सामानासाठी पोरांचे चार तास का घालवायचे?

सेम_टू_वाला:
तुमचं लंडन-नागपूर चालू द्या, पण पंखा तं चालू ठेवू द्या ना राजेहो. आमच्या लॅबमध्ये एप्रिलमध्ये पंखे बंद करून प्रॅक्टिकल घेऊन राहिले. लंबकाचं समजू शकतो. माझ्याकडे होता मीटर ब्रिज, म्हणजे विजेचा रोध मोजायचं सामान. मीटर ब्रिजले काय हवा लागते का बे?

तासिकावाला:
पंखे बंद करायला लावणारा मीच असेन किंवा माझ्यासारखाच कुणी. हवेने गोळा सरळ झुलायचं सोडून गोल गोल फिरायला लागतो, मग काय मोजणार? आणि लॅबमधल्या चारही पंख्यांना बटण एकच आहे. ते वेगळं करून द्या म्हणून अर्ज देऊन झाला. तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या अर्जाचं काय होतं ते विचारू नका. प्रॅक्टिकलच्या तासाचा दर थिअरीपेक्षा कमी, सुट्टी आली की पैसे नाहीत, आणि इथे लोक विचारतात सर चूक का समजावून सांगत नाहीत. एका वेळी पंचवीस पोरं, चालू स्थितीतले मीटर ब्रिज दोन. सांगा कुणाकुणाला समजावू.

बजाजनगरचा:
म्हणजे तुम्हीही माझ्याच बाजूने. बंद करा.

तासिकावाला:
बंद केलं तर माझे तेवढे तासही गेले. तुमच्या बाजूने असायला मला परवडत नाही.

एका नीटवालीची आई:
पंख्यावरून भांडणाऱ्यांनी अकरावी-बारावीकडे बघा आधी. माझ्या मुलीचं नाव एका कॉलेजात, मुलगी दिवसभर क्लासमध्ये. इंटिग्रेटेड म्हणे. दोन वर्षांत तिने स्क्रू गेज हातात धरला नाही. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला ३० पैकी ३०! आम्हीही फी भरून गप्प बसलो, कबूल करते. नीट लागली नाही, आता बीएस्सीला आहे. पहिल्या दिवशी लॅबमधून आली आणि म्हणाली, "आई, व्हर्निअर म्हणजे ती छोटी पट्टी सरकते का मोठी?" मी स्वतः आर्ट्सची, मी काय सांगू?

सेम_टू_वाला:
काकू, आमच्या बॅचले निम्मे असेच आहेत. बॅट्समनले बॅट कोणत्या बाजूने धरायची ते रणजी ट्रॉफीत आल्यावर शिकवून राहिले.

बजाजनगरचा:
काकू, तुमचा मुद्दा बारावीचा आहे. इथे विषय फर्स्ट इयर.

एका नीटवालीची आई:
विषय माझ्या पोरीचा आहे. तुम्हाला मुलं आहेत का?

निवृत्त लंबक:
चौतीस वर्षं लॅब घेतली, म्हणून बोलतो. पंखा बंद असला म्हणजे नुसता घाम येत नाही, त्याचाही अभ्यास होतो. रेझोनन्स ट्यूब घ्या, फोर्क वाजवून नळीतल्या हवेत ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. नागपूरच्या एप्रिलमध्ये जो वेग येतो तो डिसेंबरमध्ये येणारच नाही. ज्या रामन यांच्या नावाने गांधीसागरावर विज्ञान केंद्र उभं आहे, ते स्वतः १९१० च्या सुमारास नागपुरात अकाउंट्स खात्यात नोकरीला होते. कचेरी सांभाळून प्रयोग करत. त्यांनी कुठे पंखा मागितला?

सेम_टू_वाला:
काका, रामन यांचं नाव काढू नका, २८ फेब्रुवारीले, विज्ञान दिनाले, आमच्याकडून त्यांच्या नावाची रांगोळी काढून घेतली. प्रयोग एकही नाही, रांगोळी दोन तास. आणि रेझोनन्स ट्यूबचं बोलले तं माझं ऐका. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. पहिला आवाज १६.५ सेंटिमीटरवर घुमला, दुसरा ५१.२ वर. फरक ३४.७. त्याच्या दुपटीले ५१२ ने गुणलं, वेग आला सेकंदाले ३५५ मीटर. मॅडम म्हणे पुस्तकात ३३२ आहे, फोर्क चुकीचा घेतला. फोर्कवर ५१२ कोरलेलं दाखवलं तं म्हणे मग ऐकण्यात चूक. शेवटी ३४० लिहून द्या म्हणाल्या. ना तुमचं, ना माझं. भाजीबाजारासारखं!

निवृत्त लंबक:
तापमान लिहिलं होतंस का?

सेम_टू_वाला:
ट्यूबच्या बाजूले थर्मामीटर लटकला होता. ३९. लिहायले कोणी सांगतलं नाही.

निवृत्त लंबक:
अरे मग तुझं उत्तर बरोबर आहे! ३३२ हा शून्य अंशाचा वेग. दर अंशाला साधारण ०.६ मीटर वाढतो. ३९ ला ३५५ च्या जवळपासच यायला हवा. आवाज नळीच्या तोंडाच्या थोडा बाहेरपर्यंत घुमतो, त्याची दुरुस्ती करावी लागते; दोन अनुनादांची वजाबाकी घेतलीस म्हणून तीही आपोआप गेली. उत्तम रीडिंग आहे. खोडलंस ना? खोडायला नको होतं.

सेम_टू_वाला:
काका, खोडलं नसतं तं सही भेटली नसती. सही नाही तं जर्नल सर्टिफाय नाही, जर्नल नाही तं परीक्षेले बसता येत नाही. तुम्ही लोक अशी साखळी करून ठेवली आणि आता म्हणून राहिले खोडायले नको होतं.

मानेवाड्याची:
वा. २००३ ते आजपर्यंत फक्त पेनाचा रंग तोच राहिला. काका, स्पष्ट विचारते, तुम्ही लाल रेघा मारल्या नाहीत कधी?

निवृत्त लंबक:
मारल्या. एका दुपारी चाळीस जर्नलं तपासायची असली की माणूस शेवटचा आकडा बघतो आणि पुढचं उघडतो. तासिकावाल्यांचं खरं आहे. पण ताई, तुमचं मला पटलेलं नाही. ९७८.६ हवं होतं आणि आलं ९७२, म्हणजे चूक होतीच. नागपूर-लंडन काढून ती झाकू नका.

मानेवाड्याची:
बजाजनगरच्या भाऊंच्याच हिशेबाने ०.२ सेकंदाची चूक ४० सेकंदांत म्हणजे अर्धा टक्का, जीमध्ये वेळेचा वर्ग येतो म्हणून एक टक्का, जवळजवळ दहाचा फरक. ९७२ त्यात बसतं. हे प्लस-मायनस मला कुणी शिकवलं असतं तर मी त्या दिवशी भांडले असते.

बजाजनगरचा:
माझंच गणित माझ्यावर. ठीक. मान्य, ९७२ ला चूक म्हणता येत नाही. आनंद?

निवृत्त लंबक:
दोनदा ९७२ आलं म्हणालात. अंगठ्याची चूक असती तर एकदा खाली, एकदा वर गेली असती. सारखं एकाच बाजूला जातंय म्हणजे दुसरं काही तरी आहे. जर्नल असेल तर काढा.

बजाजनगरचा:
वीस वर्षांनी कोण जर्नल ठेवतं सर.

मानेवाड्याची:
माझी आई ठेवते. महालच्या घरी माळ्यावर, लग्नाच्या पितळी भांड्यांच्या खाली. आत्ताच भाच्याला चढवलं, त्याने फोटो पाठवला. कव्हरला झुरळांनी खाल्लंय, पण पान शाबूत आहे. पेन्सिलचं जुनं रीडिंग खोडलेलं, त्यावर शाईने नवीन. खालचं मात्र उजेडात दिसतंय. लांबी १०० सेंटिमीटर, वीस आंदोलनं ४०.३ सेकंद, जी ९७२.३. कडेला गोळ्याचा व्यास १.५ सेंटिमीटर असं लिहिलंय.

निवृत्त लंबक:
१०० कुठून कुठपर्यंत मोजले?

मानेवाड्याची:
आकृती काढलेली आहे. वरच्या बुचापासून... गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत बाण दिसतोय. अगंबाई.

निवृत्त लंबक:
त्रिज्या पाऊण सेंटिमीटर. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, म्हणजे १००.७५. करा आता भागाकार.

मानेवाड्याची:
९७९.६.

तासिकावाला:
ताई, तुमचं रीडिंग चोख होतं, फक्त त्रिज्या धरायची राहिली. वेगवेगळ्या लांब्या घेऊन एल (लांबी) आणि टी स्क्वेअर (एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग) यांचा आलेख काढला असता तर त्रिज्या विसरूनही उतार, आणि त्यावरून जी, बरोबरच आला असता. आलेखाचा कागद का लावायला सांगतो ते पोरांना कळत नाही, त्यांना वाटतं मार्कांसाठी.

बजाजनगरचा:
म्हणजे चूक ताईंचीच होती. सगळा धागा फुकट.

मानेवाड्याची:
हो, माझी होती. सरांनी "गोळ्याचा मध्य धरलास का?" एवढे चार शब्द विचारले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. तुमच्या सिम्युलेशनमध्ये लांबीच्या खान्यात १०० टाकला की तो मध्यापर्यंतच धरतो ना? मग मी काय विसरणार आणि तुम्ही मला वीस वर्षांनी काय सापडवून देणार?

बजाजनगरचा:
त्यातही त्रिज्येचा पर्याय ठेवता येतो. येतो, ठेवत नाहीत. बरं, बंद करा हे मागे घेतो. निम्मं करा. मीटर ब्रिज तरी काढून टाकाच.

एका नीटवालीची आई:
मीटर ब्रिज माझ्या मुलीला शुक्रवारी आहे. कुणी मोकळं असेल तर ते व्हर्निअरचंही सांगा, मी फोन तिच्या हातात देते.

निवृत्त लंबक:
द्या. छोटी पट्टी सरकते.

सेम_टू_वाला:
पण ताई, एक राहिलं. त्या दिवशी पंखा बंद होता का चालू?

मानेवाड्याची:
चालू. मार्च महिना होता.