टिग वेल्डिंगच्या ठिणगीने संगणकाचा यूएसबी संपर्क तुटतो – मदत हवी आहे

रबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने आर्क पाडून धातू जोडण्याची पद्धत) यंत्राची उच्च वारंवारतेची ठिणगी पडताच, शेजारच्या संगणकाला ३ मीटरच्या यूएसबी केबलने जोडलेला वजनकाटा पडद्यावरून नाहीसा होतो आणि केबल काढून पुन्हा खोचल्याशिवाय परत दिसत नाही. आर्क (वेल्डिंगची सलग विद्युतज्योत) एकदा स्थिर झाला की मात्र काहीच त्रास नसतो. यूपीएस बदलला, केबलला फेराइट कोअर (उच्च वारंवारतेचा उपद्रव कमी करणारी कडी) लावले, अर्थिंगही तपासून घेतले. काटा आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर चालवले तरी तेच घडते, त्यामुळे हा उपद्रव वीजपुरवठ्यातून येत नसून केबलच अँटेनासारखी तो ओढून घेत असावी. यंत्रे दूर हलवण्याइतकी जागा नाही. काट्याला आरएस-४८५ (कारखान्यांत वापरली जाणारी, उपद्रवाला कमी बळी पडणारी तारेची संदेशवहन पद्धत) जोडणीचीही सोय आहे. ती वापरल्यास केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करावे की दोन्ही टोकांना, आणि त्यासोबत ऑप्टिकल आयसोलेटर (दोन बाजूंत थेट विद्युत जोडणी न ठेवता प्रकाशाने संदेश पोचवणारा भाग) लागेलच का?