‘स्लेव्ह ऑफ लव्ह’ तुम्ही कसा पाहिलात?

यादवीच्या धामधुमीत दक्षिण रशियात अडकलेलं मूकपटाचं एक युनिट. नायक मॉस्कोतच राहिलाय, कच्ची फिल्म येता येत नाही, तरी प्रेमकथेचं शूटिंग सुरूच. निकिता मिखाल्कोवच्या या १९७६च्या सिनेमाचं परीक्षण नको, आपापला अनुभव लिहा.

• बाबा लग्नाचे फोटो काढायचे. छत्तीसचा रोल संपत आला की मानपानवाल्या मंडळींसाठी नुसताच फ्लॅश उडवायचे. आत्याबाई पदर सारखा करून उभ्या, बाबा म्हणणार, “हं, हसा!” आणि आत रोल सरकतच नसे. त्यामुळे पडद्यावर फिल्मसाठी रडारड सुरू झाली तेव्हा फिल्म सोसायटीच्या त्या हॉलमध्ये मी एकटाच खिदळत होतो. मग कळलं, कॅमेरामन पोतोत्स्की हीच फिल्म चोरून क्रांतिविरोधी श्वेतसेनेचे अत्याचार टिपायला वापरतोय. नायिका ओल्गा ती दृश्यं बघते, तिथे माझं हसू आटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “त्याचा रोल सत्कारणी लागला रे.”

• मला पहिला तासभर झोप आली. मारा आता!

• मारत नाही, पण ते रेंगाळणंच तर सिनेमा आहे हो. पांढरे कपडे, चहा, झाडांतला वारा, गावात काय चाललंय याचा पत्ता नाही. लॉकडाऊनमध्ये गच्चीत बसून मी लोणच्याच्या रेसिपी बघत होते, तेव्हा ही मंडळी आठवली होती.

• मी उलट्या वाटेने पोचले. ओल्गा जिच्यावर बेतलीय त्या मूकपटांतल्या तारका वेरा खोलोदनायाची अंत्ययात्रा आधी नेटवर पाहिली होती. फेब्रुवारी १९१९, ओडेसा, फ्लूची साथ. वय अवघं पंचवीस. रस्ता माणसांनी फुललेला आणि तेही कोणीतरी चित्रित करतंय. म्हणून येलेना सोलोवेयची ओल्गा पडद्यावर आली, तेव्हा तिच्या नाटकी लाडिकपणाचा राग येईना. येरवी आला असता.

• शेवट मी आजीबरोबर पाहिला. मुंबईची ट्राम १९६४मध्ये बंद झाली, तोवर ती रोज तिनेच शाळेत जायची. चालक उडी मारून पळतो, घोडेस्वार मागे लागतात, ओल्गा एकटी ट्राममध्ये आणि पुढे नुसतं धुकं. आजीला रशियन कळत नव्हतं, सबटायटल्स दिसत नव्हती. ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, “अगं, पण आता ब्रेक कोण लावणार?”