सुरमईसारखे मोठे मासे काढले की लहान मासे वाढतात का?

पेठेतला_खवय्या
रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सुरमई घेतली, मावशींनी पोट फाडलं तर आतून आख्खी तारली निघाली, खवलंसुद्धा चमकत होती. लेक सोबत होती, नववीत आहे, ती लगेच म्हणाली बाबा आपण सुरमई खाल्ली म्हणजे तारल्या वाचल्या ना. तेव्हा पटलं मला पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खरंच असं होतं का? कोणी या विषयातलं असेल तर नीट सांगा, तिला उत्तर द्यायचंय.

खारं_पाणी
लेकीचं अर्धं बरोबर आहे. सुरुवातीला वाढतात. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड हा मोठा शिकारी मासा, १९६८ साली एका वर्षात ८ लाख टन काढला, मग इतका आटला की १९९२ मध्ये मासेमारी बंदच करावी लागली, हजारो लोकांचं काम गेलं (पाणी थंड झालं होतं त्याचाही वाटा होता, पण मुख्य मार जाळ्यांचाच). कॉड गेल्यावर तिथे कोळंबी आणि खेकडे वाढले. तिथून दक्षिणेला नोव्हा स्कोशियाजवळ तर हे अन्नसाखळीच्या पार तळापर्यंत गेलं, छोटे मासे वाढले, त्यांनी पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी खाल्ले, आणि ते कमी झाल्यावर ते ज्यावर जगतात ते सूक्ष्म शेवाळ वाढलं.

पण पुढचं तिला नक्की सांगा. छोटे मासे नुसते भक्ष्य नसतात. बाल्टिक समुद्रात हेरिंग आणि स्प्रॅट, म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंदच, कॉडची अंडी खातात. मोठा कॉड होता तोवर तो यांना खाऊन आटोक्यात ठेवायचा, तो कमी झाला की हे त्याची पुढची पिढी अंड्यातच खातात. म्हणून मासेमारी थांबवली तरी मोठा मासा लगेच परत येतोच असं नाही. न्यूफाउंडलंडची बंदी ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये उठली, ती पण फक्त १८ हजार टनांपुरती.

मालवणकर_चिंचवडात
तारल्या वाचल्या हेच मुळात होत नाही हो. मोठा मासा मिळेनासा झाला की होडी काय रिकामी परत येते का, ती खालच्या माशाकडे वळते, तारली, मांदेली, मग जवळा. डॅनियल पॉली म्हणून शास्त्रज्ञ आहेत त्यांनी १९९८ मध्ये जगभरचे आकडे काढून हेच दाखवलं, की आपण समुद्रात एकेक पायरी खाली उतरतोय. आणि तारली सगळी ताटात येते असंही नाही, बरीच फिशमीलला, म्हणजे खाद्यासाठी सुक्या माशांची भुकटी करायला जाते. माझा जास्त जीव तुटतो तो बारीक आसाच्या जाळ्यात वीतभर सुरमई येते तेव्हा, एकदाही अंडी न घातलेली. मोठी मादी छोटीच्या कितीतरी पट अंडी घालते, आणि आपण नेमक्या मोठ्या आधी संपवतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिलीय, पण आपण गिऱ्हाइकांनी विचारलंच नाही तर बाजारात कोण मोजणार.

खारं_पाणी
मालवणकर, एकदम मान्य. फक्त एक, नेटवर ती गोष्ट फिरते ना की अमेरिकेत मुशी (शार्क) संपली म्हणून पाकट (चपटे रे मासे) वाढले आणि त्यांनी शिंपले फस्त केले, ती लेकीला सांगू नका. २००७ मध्ये खूप गाजली, पण २०१६ मध्ये दुसऱ्यांनी तोच डेटा तपासला तर पाकट वाढल्याचं आणि शिंपले कमी झाल्याचं वेळापत्रकच जुळेना. साखळी असते हे खरं, पण प्रत्येक ठिकाणी तशीच चालते असं धरू नये.

पेठेतला_खवय्या
दोघांचेही खूप आभार. तिला वाचून दाखवलं. वहीत तिने छोट्या माशाकडून कॉडकडे एक बाण काढला होता, आता कॉडच्या अंड्यांकडून छोट्या माशाकडे दुसरा काढलाय. आणि येत्या रविवारी बाजारात मोजपट्टी नेणार म्हणतेय, मावशींना आधी फोन करून सांगून ठेवतो.